बर्फातला काळा ठिपका

मोबाइल हातात आहेच, तर एक काम करा. पीटर ब्रूगलचं 'हंटर्स इन द स्नो' हे चित्र शोधा आणि स्क्रीन आडवी धरा. पहिली नजर कुठे गेली? बहुतेकांची डावीकडच्या तीन शिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या मागे मान खाली घालून चाललेल्या कुत्र्यांकडे जाते. मग टेकडीच्या उतारावरून घसरत ती खाली गोठलेल्या तळ्यांवर खेळणाऱ्या इवल्या इवल्या माणसांपर्यंत पोहोचते. आता जरा मागे या. शिकाऱ्यांपासून तळ्यापर्यंत नजर गेली कशी? मध्ये हवेत पंख पसरलेला एक पक्षी आहे. त्याने तुम्हाला तिथवर नेलं आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही.

बर्फाच्या चित्रांमधले पक्षी बऱ्याचदा असंच काम करतात. सगळीकडे पांढरं, झाडांच्या नागड्या फांद्या आणि त्यात एखादा काळा ठिपका. आपल्याला ते ख्रिसमस कार्डासारखं गोड वाटतं आणि आपण पुढे स्क्रोल करतो. पण त्या ठिपक्यापाशी थोडं थांबलं, तर भूक, सापळा, नकार, वसंताची वाट बघणं अशा बऱ्याच गोष्टी सापडतात. म्हणून आज चार चित्रं आणि काही सिनेमे, फक्त पक्ष्यांच्या मागे मागे जाऊन बघूया.

तीन शिकारी, एक कोल्हा

'हंटर्स इन द स्नो' १५६५ सालचं. लाकडी फळीवर तैलरंगात काढलेलं, साधारण ११७ बाय १६२ सेंटिमीटरचं. आज ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. अँटवर्पमधल्या नीक्लास योंगेलिंक नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यासाठी ब्रूगलने वर्षभरातल्या ऋतूंची एक मालिकाच काढली होती. त्यातली पाच चित्रं आज शिल्लक आहेत, तीन व्हिएन्नात, एक प्रागला आणि एक न्यूयॉर्कला. हे त्यातलं कडाक्याच्या थंडीचं.

चित्र झूम करून बघा. शिकारी परत आलेत, पण मिळालंय काय? एकाच्या खांद्यावरच्या भाल्याला एक मरतुकडा कोल्हा लटकतोय. बस्स! एवढी माणसं, कुत्र्यांचा एवढा ताफा आणि कमाई एक कोल्हा. बाजूच्या सराईची पाटी दोन्ही बाजूंनी टांगलेली असायला हवी, ती एकाच कडीवर लोंबकळतेय. पाटीवर चित्र कसलं, तर हरणाचं आणि शिकाऱ्यांच्या संताचं. म्हणजे शिकाऱ्यांचा देवही पडायच्या बेतात! सराईबाहेर काही जण जाळ करून डुक्कर भाजायच्या तयारीत आहेत. खाली उजवीकडे पाणचक्कीचं चाक बर्फाने जखडून गेलंय. चक्की बंद, म्हणजे पीठ दळणं बंद.

आणि या सगळ्याच्या वर, झाडांच्या फांद्यांवर काळे पक्षी बसलेत. गाव काय खातंय आणि काय टाकतंय, ते बघत. हे ब्रूगलने नुसतं सजावटीसाठी केलेलं नाही. कडक थंडीत युरोपातले कितीतरी पक्षी दक्षिणेकडे निघून जातात. मागे राहतात त्यात कावळ्याच्या कुळातले पक्षी भरपूर असतात, कारण त्यांना काहीही चालतं. धान्य, किडे, उष्टं-खरकटं, मेलेलं जनावर. बर्फाने जमीन झाकली की जमिनीवरचं खाणं मिळेनासं होतं. मग माणसाच्या घराजवळ, चक्कीजवळ, जिथे जनावर कापलं जातं तिथे घिरट्या घालाव्या लागतात. झाडांची पानं गळलेली असल्यामुळे ते दिसतातही लांबून. थोडक्यात, उपाशी शिकाऱ्यांच्या डोक्यावर उपाशी पक्षी बसलेत.

१५६४-६५ चा हिवाळा युरोपात फार कडक होता. हवामानाचा इतिहास अभ्यासणारे ज्या थंड काळाला 'लिटल आइस एज' म्हणतात, त्यातलाच हा एक. अर्थात चित्र म्हणजे हवामान खात्याचा अहवाल नाही. मागे ते टोकदार डोंगर दिसतायत ना? ब्रूगल जिथे राहत होता त्या सपाट प्रदेशात असे डोंगर नाहीतच. इटलीच्या प्रवासात त्याने आल्प्स पाहिला होता, तो त्याने इथे आणून बसवला. पण थंडी, भूक आणि सरपण वाहणारी बाई त्याच्या अवतीभवतीची होती.

सोळाव्या शतकातला ड्रोन शॉट

आता तो उडणारा पक्षी. लांब शेपटी आणि अंगावरचा काळा-पांढरा रंग यावरून तो मॅगपाय मानला जातो. लडाखची ट्रिप केली असेल, तर तुम्ही हा पक्षी पाहिला असणार. लेहमध्ये झाडांवर काटक्यांची मोठी गोलसर घरटी दिसतात, ती याचीच. आपल्याकडचा लांब शेपटीचा टकाचोर त्याच कुळातला, म्हणजे नात्याने चुलतभाऊच.

तो नेमका कुठे ठेवलाय बघा. झाडांच्या रांगेतून बाहेर पडून दरीवर, अगदी मोकळ्या हवेत. आपण शिकाऱ्यांच्या मागे टेकडीवर उभे आहोत. आपल्या पायाखाली जमीन आहे, त्याच्या खाली काहीच नाही. तो आहे म्हणून मधली पोकळी 'जाणवते'. अंगठ्याने त्याला झाका आणि परत बघा. दरी एकदम उथळ होते. आज हेच काम फिल्मवाले ड्रोन लावून करतात. ब्रूगलने एका पक्ष्यात भागवलं.

मॅगपायची युरोपातली प्रतिमा मात्र फार चांगली नाही. बडबड्या, चुगलखोर, चोर अशीच. ब्रूगलने मरणाआधी वर्षभर, १५६८ मध्ये, 'द मॅगपाय ऑन द गॅलोज' म्हणजे फाशीच्या खांबावर बसलेल्या मॅगपायचं चित्र काढलं. त्याचं चरित्र लिहिणाऱ्या कारेल व्हान मांडरने १६०४ साली नोंदवलंय की हे चित्र त्याने बायकोसाठी ठेवलं आणि त्यातला मॅगपाय म्हणजे चुगल्या करणारे लोक. तेव्हा चुगली जिवावर बेतू शकत होती. १५६६ मध्ये तिथल्या चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या आणि १५६७ मध्ये स्पेनच्या राजाने ड्यूक ऑफ आल्बाला सैन्य घेऊन पाठवलं. शेजाऱ्याने कान भरले की माणूस खरोखर फाशीच्या खांबापर्यंत पोहोचायचा.

आपल्याकडे झाडावरचा काळा कावळा बघितला की आधी आठवतं ते पिंडदान. तो शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे. म्हणजे पक्षी तेच, पण बघणारे बदलले की अर्थ बदलतो. म्हणून एखाद्या चित्रातला कावळा 'अशुभ'च असणार असं धरून चालू नका. आधी तो तिथे काय करतोय ते बघा.

दार, काठी आणि दोरी

ब्रूगलचंच त्याच वर्षीचं, १५६५ सालचं, दुसरं चित्र ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियम्स ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. 'विंटर लँडस्केप विथ स्केटर्स अँड अ बर्ड ट्रॅप'. आकाराने लहान, साधारण ३७ बाय ५५ सेंटिमीटर.  पण हे चित्र तेव्हा इतकं चाललं की त्याच्या शंभराहून जास्त प्रती आज माहीत आहेत. त्यातल्या कितीतरी त्याच्या मुलाच्या, धाकट्या पीटरच्या वर्कशॉपमधून निघाल्या. सोळाव्या-सतराव्या शतकातलं व्हायरल कंटेंट म्हणा ना!

चित्र पहिल्यांदा बघितलं तर एकदम मजेत. बर्फाखालचं गाव, गोठलेली नदी, त्यावर घसरगुंडी खेळणारी माणसं. आता उजवीकडे बघा. एक जुनं जाड दार तिरकं करून काठीवर टेकवलंय. खाली दाणे टाकलेत आणि पक्षी ते टिपतायत. काठीला बांधलेली दोरी घराच्या खिडकीपर्यंत गेलीय. खिडकीत काळोख आहे. दोरी ओढणारा दिसत नाही.

ही करामत आपल्याला नवी नाही. टोपली, काठी, दोरी आणि चार दाणे, हा उद्योग गावाकडे कुणीतरी केलेला असतोच. फरक एवढाच की तिथे टोपलीच्या जागी दार आहे आणि तो पोरांचा खेळ नव्हता. त्या काळी युरोपात लहान पक्षी सर्रास खाल्ले जात. दार पडलं की पक्षी चिरडले जाणार आणि रात्री कुणाच्या तरी पानात येणार.

आता या चित्रातली खरी गंमत. पुढच्या झुडपांवर बसलेले पक्षी जवळ असल्यामुळे मोठे दिसतात आणि नदीवरची माणसं लांब असल्यामुळे लहान. त्यामुळे दोघांचा आकार जवळपास एकसारखा झालाय. पक्षीही काळे ठिपके, माणसंही काळे ठिपके. पक्षी दाराखाली निवांत खातायत, माणसं बर्फावर निवांत खेळतायत. आणि नदीच्या बर्फात एके ठिकाणी भोक पडलंय.

काही अभ्यासकांनी यावरून असं म्हटलंय की हे चित्र जगण्याच्या बेभरवशाबद्दल आहे. त्याला आधारही आहे. ब्रूगलच्या रेखाटनावरून अँटवर्पच्या वेशीबाहेर स्केटिंग करणाऱ्यांचं एक छापील चित्र निघालं होतं आणि त्याच्या नंतरच्या आवृत्तीवर मानवी आयुष्याच्या निसरडेपणाबद्दलचा मजकूर छापलेला आहे. उलट काही जण म्हणतात, एवढं काही नाही, गावाकडचा हिवाळा दाखवलाय आणि हिवाळ्यात लोक पक्षी धरायचेच.

मला दोन्ही पटतं. पण एक गोष्ट पक्की आहे. त्या चित्रात दोरी कुणालाच दिसत नाही, ना पक्ष्यांना, ना माणसांना. ती फक्त बघणाऱ्याला दिसते, तीही थांबून बघितलं तर. 'पहिला महिना फ्री', 'सीट मर्यादित', 'शंभर टक्के प्लेसमेंट' असे दाणे आपल्यापुढेही रोज पडत असतात. तिथे दोरी कुठे गेलीय ते शोधायची सवय लागली, तर चित्र बघण्याचा याहून चांगला उपयोग कुठला?

अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालेला नकार

तीनशे वर्षं पुढे येऊ. १८६८-६९ चा हिवाळा, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं एत्रता गाव. क्लोद मोने अठ्ठावीस वर्षांचा आहे. बरोबर कामिय आणि लहानगा मुलगा झाँ. खिशात पैशांची बोंब. गोदिबेर नावाच्या एका चाहत्याच्या मदतीवर घर चाललंय. अशा वेळी तो बर्फाचं एक मोठं चित्र काढतो. 'द मॅगपाय'. ८९ बाय १३० सेंटिमीटर.

चित्रात माणूस नाही. बर्फाने लगडलेली झाडं, मागे अर्धवट दिसणारं घर, एक कुंपण. कुंपणाला एक साधं लाकडी फाटक आणि त्याच्या वरच्या दांडीवर एक मॅगपाय. बाकी सगळं पांढरं. पण नीट बघा, त्या पांढऱ्यात पांढरं किती कमी आहे! कुठे पिवळसर, कुठे गुलाबी आणि सावल्या चक्क निळ्या.

सावली निळी कशी? कुंपणाच्या सावलीत थेट ऊन पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो आकाशाचा विखुरलेला उजेड आणि आकाश निळं आहे. बर्फ जवळपास सगळेच रंग परत फेकतो, त्यामुळे तो निळा आपल्याला दिसतो. पण तेव्हाच्या चित्रकलेत सावली म्हणजे काळपट-तपकिरी हे ठरून गेलेलं. मोनेने जे ठरलंय ते न काढता जे दिसतंय ते काढलं.

निकाल काय लागला? १८६९ च्या सलोनने चित्र नाकारलं. सलोन म्हणजे पॅरिसमधलं अधिकृत प्रदर्शन. तिथे चित्र लागलं तर गिऱ्हाईक, नाव, पैसा. नाकारलं तर घरी परत. त्यानंतर पाच वर्षांनी, १८७४ मध्ये, मोने आणि त्याच्या मित्रांनी स्वतःचंच प्रदर्शन भरवलं आणि त्यातून 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव आलं. 'द मॅगपाय' १९८४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहात आलं. आज ते पॅरिसच्या म्युझे दोर्सेमध्ये आहे आणि बघायला लोक गर्दी करतात.

'बघा, नकारानंतर यश मिळतंच' असं छान वाक्य इथे लिहिता आलं असतं. पण सलोनने नाकारलेल्या कितीतरी जणांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. तेव्हा मोनेच्या गोष्टीतून गॅरंटी घेऊ नका. घ्यायचंच तर एवढं घ्या, की खिसा रिकामा असताना त्याने सावलीचा रंग दुसऱ्या कुणाला विचारून ठरवला नाही.

इथेही तो अंगठ्याचा प्रयोग करा. मॅगपाय झाकला की छान बर्फ उरतो, पण चित्र रिकामं पडतं. तो परत दिसला की वाटतं, आत्ता उडेल. एवढ्याशा ठिपक्यामुळे चित्रात 'पुढचा क्षण' येतो.

कावळे नव्हेत, रुक!

चौथं चित्र रशियाचं. अलेक्सेई साव्रासोव्हचं 'द रुक्स हॅव कम बॅक', १८७१. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. साव्रासोव्ह कोस्त्रोमा भागातल्या सुसानिनो गावी गेला होता, तिथे त्याने याची तयारी केली. वेड्यावाकड्या बर्च झाडांवर घरटी, घरट्यांभोवती पक्ष्यांची लगबग, मागे चर्चचा मनोरा, खाली वितळून मळका झालेला बर्फ. बर्फावर एक पक्षी चोचीत काडी धरून उभा आहे.

पटकन बघितलं तर हे कावळेच वाटतात. पण हे रुक. मोठ्या रुकच्या चोचीच्या मुळाशी पिसं नसतात, तिथे फिकट कातडी दिसते. ते एकत्र वस्ती करून घरटी बांधतात. रशियाच्या थंड भागातून ते हिवाळ्यात निघून जातात आणि बर्फ वितळायला लागला की परततात. म्हणून तिथे रुक दिसला की वसंत आला. आपल्याकडे पावशा ओरडायला लागला की पावसाची चाहूल लागते ना, तसंच. रशियन लोकपरंपरेत तर १७ मार्चचा संत गेरासिमचा दिवस या पक्ष्यांच्या नावानेच ओळखला जातो.

म्हणजे ब्रूगलच्या पक्ष्यांना जायला जागा नव्हती आणि साव्रासोव्हचे पक्षी परत आलेत. दोन्हीकडे बर्फ आहे, दोन्हीकडे काळे ठिपके आहेत, पण पक्ष्याची जात ओळखली की चित्राचा अर्थ उलटतो. एकीकडे हिवाळ्याचा मुक्काम आहे, दुसरीकडे त्याचा निरोप. पक्षीनिरीक्षण करणाऱ्या मित्रमैत्रिणींना म्युझियममध्ये बरोबर न्या म्हणतात ते उगीच नाही!

पक्षी सिनेमात उडतात तेव्हा

फिल्म क्लबवाल्यांनो, ही तुमच्यासाठी. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस' (१९७२) मध्ये अंतराळ स्थानकाच्या लायब्ररीत 'हंटर्स इन द स्नो'ची प्रत टांगलेली आहे. पृथ्वीपासून इतक्या लांब असताना कॅमेरा त्या चित्रावरून सावकाश फिरतो. कुत्रे, झाडं, पक्षी. पृथ्वी म्हणजे काय, हे सांगायला दिग्दर्शकाला हेच चित्र लागलं. त्याच्याच 'मिरर' (१९७५) मध्ये बर्फाळ टेकडीवर एक मुलगा उभा आहे, खाली इवली माणसं आहेत आणि एक लहान पक्षी उडत येऊन त्याच्या डोक्यावर बसतो. ब्रूगलची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

आणि अब्बास किआरोस्तामी. या इराणी दिग्दर्शकाचा शेवटचा सिनेमा '२४ फ्रेम्स'. तो जुलै २०१६ मध्ये गेला आणि सिनेमा त्याच्या पश्चात २०१७ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. कल्पना साधी आहे. चित्र किंवा फोटो एकच क्षण पकडतो, मग त्याच्या आधी-नंतर काय झालं असेल? पहिल्या फ्रेममध्ये 'हंटर्स इन द स्नो' आहे. काही सेकंद काहीच घडत नाही. मग धुराड्यातून धूर निघतो. बर्फ पडायला लागतो. पक्षी हलतात. पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये त्याने स्वतः काढलेले फोटो आहेत आणि त्यातही बर्फ आणि कावळे भरपूर. मध्येच कुठेतरी बंदुकीचा आवाज होतो. एकेक फ्रेम साधारण साडेचार मिनिटांची. रील बघायची सवय असलेल्यांना सुरुवातीला जड जाईल, पण दोन-तीन फ्रेम सरल्या की डोळे वेगळ्याच गतीने बघायला लागतात.

हिवाळाच उरला नाही तर?

आता शेवटचा मुद्दा. ब्रूगलच्या चित्रात नद्या-तळी गोठलेली आहेत आणि अख्खं गाव त्यावर उतरलंय. आज त्याच भागात असं क्वचितच घडतं. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात 'एल्फस्टेडनटोख्त' म्हणजे 'अकरा शहरांची सफर' नावाची स्केटिंगची स्पर्धा असते. गोठलेल्या कालव्यांवरून जवळपास २०० किलोमीटर! त्यासाठी सगळ्या वाटेवर साधारण १५ सेंटिमीटर जाड बर्फ लागतो. १९०९ पासून ती १५ वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. त्यानंतर दर हिवाळ्यात लोक वाट बघतात आणि बर्फ पुरेसा जाड होत नाही.

म्हणजे ब्रूगलसाठी जी रोजची थंडी होती, ती तिथल्या आजच्या तरुणांसाठी आजी-आजोबांची गोष्ट होत चाललीय. ज्या हिवाळ्याने शिकाऱ्यांना उपाशी ठेवलं, त्याच हिवाळ्याची आठवण आज लोक चित्रातून जपतात. पक्षी मात्र अजून आहेत. मॅगपाय आणि कावळे युरोपातल्या शहरांमध्येही मजेत राहतात. काहीही खाणाऱ्याला तेवढा फायदा असतो!

तेव्हा पुढच्या वेळी एखादं चित्र समोर आलं, तर किमान पाच मिनिटं द्या. आधी पक्षी मोजा. मग तो कुठला पक्षी आहे, काय खातोय, कुणाकडे बघतोय ते शोधा. आणि हो, आजूबाजूला दोरी दिसतेय का, तेही बघा.

हे जरूर बघा

• 'हंटर्स इन द स्नो': व्हिएन्नाच्या म्युझियमने ब्रूगलची चित्रं मोठ्या रिझोल्यूशनमध्ये ऑनलाइन ठेवली आहेत. लांबवरच्या एका घराच्या धुराड्याला आग लागलीय आणि लोक शिडी घेऊन धावतायत. सापडतंय का बघा.

• 'द मॅगपाय': मोबाइलचा ब्राइटनेस वाढवा आणि फक्त सावल्यांचे रंग मोजा.

• '२४ फ्रेम्स': एकट्याने, हेडफोन लावून. अर्धा सिनेमा आवाजात आहे.

• तुमच्या कॉलेजच्या आवारातलं एक झाड: रोज तिथे कोण येऊन बसतं, आठवडाभर लिहून ठेवा. बर्फाची गरज नाही.